उत्क्रांतीच्या लॅबमध्ये जायचंय? या चुका टाळा

‘मला उत्क्रांतीची खूप आवड आहे, तुमच्याकडे संधी आहे का?’ अशा दोन ओळींच्या ईमेलला उत्तर आलं नाही तर नवल वाटून घेऊ नका. ती लॅब फळमाश्यांवर काम करते, जीवाणूंवर की जीवाश्मांवर, हे आधी बघा. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध पूर्ण वाचा आणि वाचताना जिथे अडलात तो प्रश्न लिहा. प्रश्न साधा असला तरी चालतो.

प्रवेश मिळाल्यावरची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पिढ्यांचा हिशेब न करणं. फळमाशीची एक पिढी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० दिवसांची. ५० पिढ्या म्हणजे ५०० दिवस, तेही मध्ये खंड न पडता. सहा महिन्यांच्या प्रकल्पात असा प्रयोग शून्यापासून उभा करायला जाऊ नका. लॅबमध्ये वर्षानुवर्षं सांभाळलेल्या समष्टी (एकत्र वाढणारे एकाच जातीच्या जीवांचे गट) असतील, तर त्यांच्यावर एखादा नेमका प्रश्न घ्या. जीवाणूंचं गणित वेगळं. ई. कोलाय हे जीवाणू रोज शंभरपट विरल करून नव्या माध्यमात टाकले की दिवसाला साडेसहाच्या आसपास पिढ्या होतात.

अमेरिकी उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये याच पद्धतीने १२ समष्टी सुरू केल्या. ३१,००० पिढ्या उलटल्यावर त्यांतल्या एकीतच, ऑक्सिजन असताना माध्यमातलं सायट्रेट अन्न म्हणून वापरायची क्षमता आली. बाकी ११ फ्लास्क शेजारी होते, म्हणून ही घटना किती दुर्मीळ आहे ते कळलं. नवे विद्यार्थी नेमके इथे फसतात. एक बाटली उष्ण, एक थंड, प्रत्येकीत २०० माश्या. वाटतं, नमुना भरपूर मोठा आहे. पण उत्क्रांत होते ती समष्टी, एकटी माशी नव्हे. म्हणजे प्रत्येक बाजूला नमुना एकच, आणि दिसलेला फरक निव्वळ जनुकीय विचलनाचा, म्हणजे पिढ्यांगणिक योगायोगाने होणाऱ्या जनुकीय बदलाचाही असू शकतो. माश्या वाढवून हा दोष जात नाही, स्वतंत्र बाटल्या वाढवाव्या लागतात. शिवाय मोजण्याआधी दोन्हीकडच्या माश्या एक-दोन पिढ्या सारख्याच वातावरणात वाढवा. नाहीतर आईबापांनी सोसलेल्या उष्णतेचा परिणाम तुम्ही अनुकूलन म्हणून लिहून बसाल.

संकरातून भलतीच संतती निघाली, तर वापरलेल्या माद्या खरंच कुमारी (आधी नराशी मीलन न झालेल्या) होत्या का, अशी शंका आधी घ्या. २५ अंशांना कोशातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या करायला हव्यात. आणि बाटलीवर समष्टी, पिढी, तारीख त्याच क्षणी लिहा.

आता शिकवण्याबद्दल. प्रॅक्टिकल घेणं म्हणजे संशोधनाचा वेळ वाया, असं समजून बरेच जण तयारीच करत नाहीत. मला हे मनापासून खटकतं. माझ्या पहिल्या वर्गात मी ‘कीटक औषधाला सरावतात’ असं बोलून गेलो आणि मुलांनी ते तसंच वहीत उतरवलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘म्हणजे प्रत्येक कीटक हळूहळू शिकतो का?’ त्या एका शब्दाने नैसर्गिक निवडच पुसली गेली होती. फवारणीआधीच काही कीटकांमध्ये प्रतिकारक्षमता असते. तेच वाचतात आणि पुढची पिढी त्यांची होते. आता मी नक्षीदार कापडावर रंगीत मणी पसरतो, मुलांना ‘भक्षक’ करून ते वेचायला लावतो आणि उरलेल्या मण्यांच्या प्रमाणात पुढची ‘पिढी’ टाकतो. कुठला रंग वाढेल याचा अंदाज मात्र वेचण्याआधी लिहून घेतो. तो चुकला की मुलं आपणहून कारण शोधू लागतात.