आयरिसवरची कीड: जुलैत औषध शोधणाऱ्यांनी आधी हे वाचा

दर जुलैत व्हॉट्सॲपवर तेच फोटो येतात. आयरिस या कंदातून उगवणाऱ्या फुलझाडाची पिवळी पडून आडवी झालेली पानं, बुडाशी काळपट चिखल आणि खाली एक ओळ: "यावर काय मारू?" काहीही मारू नका, वेळ गेली, हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मग शनिवारी दुकानात जाऊन सगळ्यात भडक चित्राची बाटली आणली जाते, यथेच्छ फवारली जाते आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच फोटो.

आधी शत्रू ओळखा. अमेरिका-कॅनडातल्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, ओंटारिओ या पट्ट्यात आयरिसचं खरं वाटोळं करतो तो आयरिस बोरर, म्हणजे मॅक्रोनॉक्टुआ ओनुस्टा नावाच्या पतंगाची अळी. कॅलिफोर्नियातल्या मंडळींच्या वाट्याला ही पीडा आलेली नाही, त्यांनी गोगलगायी वेचाव्यात. वर्षाला हिची एकच पिढी. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात मातकट तपकिरी पतंग रात्री उडतात आणि मादी वाळक्या पानांवर, जुन्या दांड्यांवर अंडी घालते. अख्खा हिवाळा ती अंडी तिथेच असतात. एप्रिल-मेमध्ये नवी पानं चार-सहा इंचांची झाली की अळ्या बाहेर पडतात, पानात शिरतात आणि आतल्या आत पोखरत खाली सरकतात. जुलैपर्यंत अळी कंदात पोचलेली असते. गुलाबीसर, तपकिरी डोक्याची, दीड-दोन इंच लांब. मग ऑगस्टच्या आसपास मातीत कोष, आणि पुन्हा पतंग.

या वेळापत्रकात जुलैतली फवारणी कुठे बसते, तुम्हीच सांगा. अळी कंदाच्या पोटात, औषध पानाच्या पाठीवर.

आपल्या लोकांचा यात खास लाडका उपाय म्हणजे कडुनिंबाचं तेल. कशावरही कडुनिंब. मावा असेल तर जरूर मारा, फरक पडतो. पण पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसलेल्या अळीला त्या तेलाचा वासही लागत नाही.

मेमधल्या पानांकडे न बघणं

मे महिन्यात न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या प्रेस्बी या आयरिसच्या बागेत जाऊन आयरिससोबत फोटो काढणारे खूप. 1927 सालापासूनची बाग आहे, जावंच. पण त्याच महिन्यात स्वतःच्या परसातल्या पानांकडे दोन मिनिटं निरखून बघणारे बोटांवर मोजण्याइतके.

बघायचं काय, तर पानाची कड करवतीसारखी कुरतडलेली दिसते. पानावर उभा, पाण्यात भिजल्यासारखा फिकट पट्टा दिसतो. पान उजेडासमोर धरलं तर त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला अळी सावलीसारखी दिसते. मी सकाळचा चहा घेऊन बाहेर जातो, पट्टा दिसला की पान अंगठा आणि तर्जनीत धरतो आणि वरून खाली दाबत नेतो. बोटांना आत काहीतरी फुटल्याचं कळतं. किळस येत असेल तर हातमोजे घाला, किंवा ते पान पट्ट्याच्या खाली कापून टाका. एवढंच. बागेत शंभरेक झाडं असतील तर हे जमणार नाही, मान्य, पण तुमची आहेत दहा-बारा.

फवारायचंच असेल तर स्पिनोसॅड (जिवाणूंपासून मिळणारं कीटकनाशक) याच सुमारास, पानं चार-सहा इंचांची असताना, लेबलवरचं प्रमाण वाचून, संध्याकाळी मारा. फुलं उमलल्यावर अजिबात नाही. ओलं स्पिनोसॅड मधमाश्यांना मारतं.

भर लावणं

ही चूक खास मराठी आहे, त्यामुळे तिला जरा जागा देतो.

न्यू जर्सीतच एडिसनला राहणाऱ्या एका मित्राचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. वाईकडचे, सगळी हयात हळदीच्या रानात गेलेली. एप्रिलमध्ये आले तेव्हा मित्राच्या परसात बिअर्डेड आयरिसचे (पाकळीवर केसाळ 'दाढी' असलेला प्रकार) कंद अर्धे जमिनीच्या वर, पाठ उन्हाला दिलेली. काकांना ते बघवेना. हळदीत गड्डा उघडा पडला की कंदमाशी त्यावर अंडी घालते, अळ्या आत शिरतात आणि मागोमाग कंदकूज येते. म्हणून तर तिकडे पावसाळ्यात मातीची भर देऊन कंद झाकतात. त्यांच्या हिशोबाने मुलाने झाडांची हेळसांड केली होती. त्यांनी दुकानातून कंपोस्टच्या पिशव्या मागवल्या, कंद दिसेनासे होईपर्यंत छान वरंबे ओढले, वरून लाकडी भुश्शाचं आच्छादन घातलं. काम बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू.

जुलैत मित्राचा फोन आला, "बागेत काहीतरी मेलंय रे. उंदीर असावा." गेलो. वास कुंपणापासूनच येत होता. काकांनी एका झाडाची पानं धरून जरा ओढली तर अख्खा जुडगा हातात आला, खाली पांढरट लगदा. भर उकरली. कंदाचं वरचं साल शाबूत आणि आत पोकळी, पोकळीत बोटाएवढी गुलाबी अळी निवांत. काकांनी तिला काडीने उलटंपालटं केलं.

"हा तर आमचा खोडकिडाच की."

"त्याचा भाऊ म्हणा, काका. पण याच्या झाडाला भर नाही चालत. पाठ उन्हात हवी."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" हे मुलाकडे बघून.

अळी भरीमुळे आली नव्हती, ती पानांतून उतरली होती. पण तिने पाडलेल्या भोकांतून जिवाणू शिरतात आणि मऊ कूज सुरू होते. कंद उघडा असता तर वरून ऊन-वारा लागून कूज थोडी आटोक्यात राहिली असती, आणि मुख्य म्हणजे वेळेत दिसली असती. ओलसर कंपोस्ट आणि भुश्शाखाली ती मजेत पसरली. हळदीचं शास्त्र हळदीला बरोबर, इथे नेमकं उलटं.

पुढचं काम मात्र काकांनीच केलं, आणि माझ्यापेक्षा नीट. सगळे कंद उपसले. मऊ पडलेला भाग घरातल्या जुन्या पोह्याच्या चमच्याने खरवडून काढला, टणक पांढरा गर लागेपर्यंत. सुरीने हे करू नका, सुरी चांगल्या भागातही घुसते आणि मऊ कुठे संपलं ते हाताला कळत नाही. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्यात कंद बुडवले, काढून एक-दोन दिवस कोरड्या जागी जखमा सुकू दिल्या आणि नव्या वाफ्यात पाठ उघडी ठेवून लावले. जुन्या वाफ्यातली माती चाळताना तपकिरी कोष सापडले, ते चपलेखाली गेले.

या कुजीवर बुरशीनाशक ओतणारेही भेटतात. कूज जिवाणूंची आहे, बुरशीची नाही. पैसे वाया.

साफसफाई, पण चुकीच्या महिन्यात

बोररवर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वाळकी पानं आणि जुने दांडे उचलणं, कारण अंडी तिथेच असतात. हे ऐकून उत्साही लोक लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीत बाग लख्ख करतात आणि मोकळे होतात. पतंग ऑक्टोबरपर्यंत उडत असतात, तोवर नवी पानं वाळतात, त्यांवर नवी अंडी. दव गोठवणारी कडक थंडी पडून गेल्यावर एकदा सगळं बुडापाशी कापून उचला, आणि बर्फ गेल्यावर, एप्रिल लागायच्या आत, राहिलेलं वेचा. हा कचरा घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. परसातला ढीग अंडी मरण्याइतका तापेल याची खात्री नसते. पिशवीत बांधा आणि कचऱ्याच्या गाडीला द्या.

फुलं संपल्यावर हिरवी पानं त्रिकोणी छाटून "नीटनेटकं" करणाऱ्यांनो, ती पानंच पुढच्या वर्षीच्या कंदाचं जेवण आहेत. छाटणी फक्त झाड हलवताना.

सूत्रकृमी घेऊन गाडीत विसरणं

किडीला खाणाऱ्या सूत्रकृमी (धाग्यासारखे अतिसूक्ष्म जंत), म्हणजे स्टाइनरनेमा किंवा हेटेरोऱ्हॅब्डायटिस, कंदातल्या अळीपर्यंत पोचू शकतात, त्यामुळे जूनमध्ये थोडा उशीर झालेल्यांना तेवढा एक आधार आहे. पण ते जिवंत प्राणी आहेत. पाकीट फ्रीजमध्ये ठेवायचं (घरात कुरकुर होईल, होऊ द्या), तारीख उलटायच्या आत वापरायचं. माती आधी भिजवायची, सूर्य कलल्यावर पाण्यातून द्यायचं, नंतर काही दिवस ओल टिकवायची. तापलेल्या गाडीत चार तास राहिलेलं पाकीट भर दुपारी कोरड्या मातीवर ओतून "काही उपयोग नाही याचा" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

बाकीचं थोडक्यात. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. आयरिसचा मोझॅक विषाणू तो पसरवतो, म्हणून दुर्लक्ष नको. फुलकिड्यांनी पानं चंदेरी-तांबूस खरबरीत होतात, झाड मरत नाही. सायबेरियन आयरिस या दुसऱ्या प्रकाराला बोरर कमी लागतो, लागतच नाही असं नाही. आणि न्यू जर्सीत निओनिकोटिनॉइड औषधं (मधमाश्यांना घातक कीटकनाशकं) 2023 च्या ऑक्टोबरअखेरपासून सामान्य माणसाने बागेत वापरायला मनाई आहे. शेजारच्या राज्यातून बाटली आणून मारणं ही हुशारी नाही, फुलावर भुंगे येतात ते तुमचेच आहेत.

शेवटची चूक गोडीगुलाबीची. तीन-चार वर्षांनी कंदांची दाटी झाली की जुलै-ऑगस्टमध्ये उपटून वेगळे करतात आणि जास्तीचे गणपतीच्या आरतीला आलेल्या मंडळींना वाटतात. घेणारी माणसं भिडेखातर पिशवी उघडूनही बघत नाहीत, घरी जाऊन तशीच पुरतात. प्रत्येक कंद हातात घेऊन दाबा. कुठे मऊ लागलं, भोक दिसलं, भुसा पडला, तर वहिनींना थँक्यू म्हणा आणि तो कंद थेट कचऱ्यात.