खाऱ्या वाऱ्यातलं घर सजवताना: दुकान आणि कारागीर कसे पारखायचे

गणपतीआधी घराला हात लावायचा ठरलं की चौकशी सुरू होते ती 'स्वस्त कुठे मिळेल' इथून. किनाऱ्यावर हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा, की घर समुद्रापासून किती लांब आहे आणि काम कुठल्या दिशेच्या भिंतीचं आहे? वेंगुर्ल्यात खाडीकाठी एका पावसाळ्यात गंजणारी बिजागरी कणकवलीत पाच वर्षं निवांत चालते. जो दुकानदार डबा किंवा शेडकार्ड पुढे करण्याआधी हे विचारतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. जांभ्याचा दगड पाणी शोषतो आणि जमिनीतली ओल भिंतीत दोन-तीन फूट वर चढते. त्यात गिलाव्याची वाळू खारी असेल तर खार फुटतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. यावर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग. पाणी बाहेरून येत असेल तर तो वर्षभरात फुगतो. आधी ओल कुठली ते बघा. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर नुसता हवेचा दमटपणा आहे. ओल भिंतीत असेल तर रंगाच्या दुकानाआधी पन्हळ बसवणाऱ्याला गाठा. बऱ्याच घरांत पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडतं, तेच मूळ दुखणं असतं.

मोजणी स्वतः करा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरली तर चार भिंतींचे ४४० चौरस फूट होतात. एक दार (७ बाय ३) आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या वजा केल्या की ३८७ उरतात. दोन हातांना (थरांना) एक लिटर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, साधारण ६० ते ७० चौरस फूट जातं, म्हणजे सहा लिटर. चार लिटरचा एक आणि एक लिटरचे दोन डबे घ्या. प्रायमरचा एक हात ४ लिटरमध्ये होतो. खरबरीत गिलावा जास्त रंग पितो, तिथे १५ टक्के वाढवा. मशीनवर मिसळलेला रंग दुकान परत घेत नाही, म्हणून लागेल तेवढा एकाच दिवशी, एकाच बॅच नंबरचा घ्या. झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी डाग झाकताना 'तोच क्रीम' नावावर मिळत नाही, कोडवर मिळतो.

रंगाऱ्याला दर विचारण्याआधी खरवडणार कशाने, धुणार का, प्रायमर वाळायला किती वेळ देणार ते विचारा. 'लांबी (पुट्टी) भरली की सगळं झाकतं' म्हणणारा रंगारी टाळलेला बरा. ओल्या भिंतीवरची लांबी रंगासकट खाली येते. शक्यतो मजुरी वेगळी ठरवा आणि माल आपण आणा. मटेरियलसकट ठेका दिला तर कुठल्या कंपनीचा कुठला रंग, किती हात, हे कागदावर हवं. शेवटचे १५ टक्के पैसे चांगली सर पडून गेल्यावर द्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे पहिल्याच पावसात काम कसं झालंय ते कळतं. बाहेरच्या भिंती डिसेंबर ते मे मध्येच उरकाव्यात. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकरमानी यायच्या घाईत मिळेल तो रंगारी धरला जातो आणि काम तसंच होतं.

लोखंडी सामानाच्या दुकानात चुंबक लावून स्टेनलेस स्टील तपासायची पद्धत आहे. ती निम्मी फसवी. २०२ आणि ३०४ या दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ सारख्याच कमी दाद देतात, पण २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे समुद्राकाठी ती लवकर तांबूस डागाळते. थेंब टाकून जात ओळखायचं द्रावण मिळतं. ते ठेवणारं दुकान निवडा, नाहीतर बिलावर '३०४' लिहून मागा. लिहायला कां-कूं झाली की समजायचं. लाटांचे तुषार येतात तिथे ३१६ लागतं. कडी-कोयंडे पितळेचे चालतील. पितळ काळं-हिरवं पडतं, पण कुजून तुटत नाही. स्क्रूही त्याच धातूचे घ्या. पितळी बिजागरीला साधा लोखंडी स्क्रू मारला तर आधी तो स्क्रू सडतो.

प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का, 'आयएस ७१०' हा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडच्या मानकाचा आकडा आणि लायसन्स नंबर बघा. नंबर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नुसतं 'मरीन' छापणं फुकट असतं. त्याहून पक्की परीक्षा घरच्या घरी होते. सुताराकडून वीतभर तुकडा मागून घ्या आणि मोठ्या टोपात आठ तास उकळा. मध्येमध्ये पाणी घालत राहा आणि गार झाल्यावर कडेला नख घालून बघा. पापुद्रे वेगळे व्हायला लागले, तर ते ओट्याखालच्या कपाटात जुलैपर्यंतच तग धरणार. अस्सल ७१० ला मानकानुसार ७२ तासांच्या उकळीतून जावं लागतं, त्यामुळे आठ तास ही सवलतच आहे. पावसात लाकडाला लॅकर पॉलिश मारू देऊ नका. दमट हवेत ते वाळता वाळता पांढुरकं पडतं आणि मग सुतार हवेला दोष देतो. दोष तारीख ठरवणाऱ्याचा असतो.

हस्तकलेच्या वस्तू मात्र जमेल तितक्या बनवणाऱ्याच्या दारात घ्याव्यात. सावंतवाडीच्या चितारआळीत पाट, चौरंग, लाकडी फळं मिळतात. चौरंग उलटा करून बघा. पाय नुसते खिळ्यांवर आहेत की कुसू घालून, म्हणजे लाकडाचं टोक खाचेत घट्ट ठोकून बसवलेत? वजनाने अवाजवी जड लागला तर लाकूड ओलं आहे, आणि ते डिसेंबरात चिरणार. बांबूकामासाठी सिंधुदुर्गात माणगा उत्तम, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. त्यात पिष्ट (स्टार्च) असतं, म्हणून कीड लागते. बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया झाली आहे का ते विचारा. वस्तू पांढऱ्या कागदावर आपटा. पिठासारखा भुसा पडला तर दुकानातच ठेवून या.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी, म्हणजे कथा सांगण्यासाठीची पारंपरिक चित्रं रंगवतात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्र घेणं सोपं, फ्रेमवाला शोधणं अवघड. काच कागदाला चिकटवून बसवणारा नको, कारण आतल्या बाजूला वाफ धरते आणि रंग काचेला लागतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट हवी, तीही अॅसिडविरहित. मागची फट टेपने बंद हवी, नाहीतर कसर शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावायला सांगा म्हणजे मागून हवा खेळते. झड खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर हे चित्र टांगूच नका.

पडद्यांचं थोडक्यात. चार फुटी खिडकीला ५४ इंच पन्ह्याचे दोन पट्टे पुरतात. सात फूट उंचीला शिलाईसकट आठ फूट धरा, म्हणजे पाच मीटर कापड. सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून वाळवा. जाड अस्तर पावसात बुरसतं.

राहिलं मखर. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी मागच्या दाराने विकणारे भेटतात. त्यापेक्षा सुताराकडून माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगून फळं-पानांनी सजवायची लाकडी चौकट करून घ्या. साधारण चार बाय तीन फुटांची पुरते. आडव्या पट्ट्या अर्ध्या फुटावर ठेवायला सांगा, म्हणजे आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घड, कवंडळं ही रानफळं आणि हरणाची फुलं बांधायला जागा राहते. टांगायचा हूक वाशात पक्का बसवा, छताच्या फळीत नको. नारळांसकट भरलेली माटवी चांगली जड होते. ती टांगण्याआधी तेवढंच वजन, म्हणजे भाताची एखादी अर्धी गोणी, रात्रभर हुकाला लटकवून बघा.