माणिकाने दाब मोजताना या चुका टाळा

डायमंड अ‍ॅनव्हिल सेलमध्ये, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणाऱ्या उपकरणात, नमुन्याशेजारी माणिकाचा बारीक कण ठेवायचा, त्यावर हिरवा लेसर पाडायचा आणि त्याच्या लाल प्रकाशातील आर-१ ही रेषा (एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश) किती सरकली यावरून दाब काढायचा, ही पद्धत १९७२ पासून वापरात आहे. ती सोपी वाटते म्हणूनच तिच्यात हलगर्जीपणा शिरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी पाहतो, आणि त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात.

सर्वांत महागात पडते ते तापमानाकडे केलेले दुर्लक्ष. आर-१ रेषा दर गिगापास्कलला (सुमारे दहा हजार वातावरणांइतक्या दाबाला) सुमारे ०.३६५ नॅनोमीटर सरकते. पण ती दाबाशिवाय तापमानानेही, दर अंशाला सुमारे ०.००७ नॅनोमीटर, त्याच दिशेने सरकते. म्हणजे खोली दहा अंशांनी तापली, तर दाब तसूभर न वाढताही ०.२ गिगापास्कल वाढल्याचे दिसते. आमच्याकडे मार्चमध्ये पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी पंख्याखालीही घाम येतो. एका विद्यार्थ्याने अशाच दिवसांत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, सकाळी दाब चढवत आणि दुपारी उतरवत मोजमापे घेतली. एकाच दाबाला नमुन्याची रामन रेषा (नमुन्यातील अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या लेसर प्रकाशात दिसणारी रेषा) चढताना एका जागी आणि उतरताना दुसऱ्या जागी येत होती. पदार्थाची रचना कायमची बदलली, असा निष्कर्ष त्याने लिहूनही टाकला होता. शून्य दाबाची तरंगलांबी त्याने मोजलीच नव्हती, पुस्तकातला ६९४.२ नॅनोमीटर हा आकडा उतरवून घेतला होता. पुन्हा, तापमान नोंदवत, मोजणी केली तेव्हा तो बदल नाहीसा झाला आणि त्याचे कित्येक आठवड्यांचे श्रम वाया गेले.

यासाठी मी त्याच माणिकाचा एक कण सेलच्या बाहेर, सेललाच चिकटवून ठेवतो आणि प्रत्येक वाचनाच्या आधी व नंतर त्याची रेषा घेतो. तापमानासोबत वर्णपटमापकाची चूकही त्यातून निघून जाते. निऑन दिव्याच्या रेषांशी पडताळणी मात्र त्यानंतरही रोज करावीच. ही दोन मिनिटे ज्याला जड वाटतात, त्याने या कामाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक दाबमाध्यमाची, म्हणजे नमुन्याभोवती भरून दाब पोहोचवणाऱ्या द्रवाची. मिथेनॉल आणि इथेनॉल यांचे ४:१ मिश्रण सुमारे १० गिगापास्कलपर्यंतच दाब सर्व बाजूंनी सारखा पोहोचवते. सिलिकोन तेल त्याच्याही बरेच आधी साथ सोडते. त्यापुढे माणिक सांगते तो दाब माणिकाच्या जागेचा असतो, नमुन्याचा असेलच असे नाही. आर-१ आणि तिच्या शेजारची आर-२ या रेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळू लागल्या की आकडा लिहिण्याआधी थांबावे आणि दोन-तीन ठिकाणचे कण मोजून पाहावेत.

माणिकाचा कण एवढा मोठा नसावा की तो दोन्ही हिऱ्यांना टेकेल. लेसरची शक्ती वाढवून वाचन लवकर उरकू नये, कारण त्याने कणच तापतो. रेषेच्या सरकण्यावरून दाब कोणत्या सूत्राने काढला, १९८६ साली मांडलेल्या की २०२० साली मांडलेल्या, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहावे. स्क्रू आवळल्यावर गॅस्केट (हिऱ्यांमधली, नमुना धरून ठेवणारी धातूची पातळ चकती) स्थिरावेपर्यंत दाब सरकत राहतो. म्हणून नमुन्याच्या मोजणीआधी आणि नंतर, असे दोन्ही वेळचे दाब नोंदवावेत, आणि त्यांत फरक असल्यास तो अनिश्चितता म्हणून तसाच छापावा.