गिऱ्हाईक बघून प्रश्न विचारणारा फॉर्म

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात मी ऑर्डरींचं काम बघते. गुगल फॉर्म बनवता येणं आता टायपिंगसारखं गृहीतच धरतात. समोरचा कोण आहे ते बघून प्रश्न विचारणारा फॉर्म मात्र थोड्यांनाच जमतो.

नवीन लागलेल्यांना मी आधी शेठचं फोनवरचं बोलणं ऐकायला बसवते. "घरासाठी पाहिजे का दुकानासाठी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरासाठी म्हटलं की रंग, साईज. दुकानासाठी म्हटलं की जीएसटी नंबर, किती डझन, कुठलं ट्रान्सपोर्ट. फॉर्मचा आराखडा तिथंच मिळतो; कागदावर बाण काढून उतरवून घ्या, मगच कॉम्प्युटरला हात लावा.

फॉर्मचे तीन सेक्शन, म्हणजे तीन भाग, करायचे. पहिल्यात नाव, मोबाईल आणि वरचा प्रश्न, दुसरा घरगुती, तिसरा दुकानदारांचा. प्रश्नाखालच्या तीन टिंबांत उत्तराप्रमाणे सेक्शनवर पाठवायची सोय आहे. ती एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना आणि ड्रॉपडाऊनला मिळते, चेकबॉक्सला नाही. तिथं माणूस दोन्हींवर टिक करून मोकळा होईल. नाव-मोबाईल पुढच्या सेक्शनांत पुन्हा विचारू नका, उत्तरं जमा होतात त्या गुगल शीटमध्ये त्यांचे वेगळे कॉलम पडतात आणि जुळवत बसावं लागतं.

खरी गोम दुसऱ्या सेक्शनच्या तळाशी आहे. तिथं 'सबमिट' निवडलं नाही, तर दोन चादरी मागणाऱ्या मावशींनाही पुढं जीएसटी नंबर विचारला जातो. तो प्रश्न सक्तीचा असला तर झालंच! त्या फॉर्म सोडून सरळ फोन लावतात.

जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. आपल्या महाराष्ट्राचे 27. फॉर्ममधल्या लांबीच्या अटीत किमान किंवा कमाल, एकच काहीतरी घालता येतं. म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे उत्तरात कुठली अक्षरं-आकडे किती आणि कुठल्या क्रमानं यावेत ते सांगणारा साचा, शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

भाषेवरून सेक्शन पाडायचा मोह इथं हमखास होतो, कारण गिऱ्हाईक कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच बोलतं. मला ते पटत नाही. कॉलम वाढत जातात. त्यापेक्षा प्रत्येक भाषेचा फॉर्म वेगळा ठेवलेला बरा.

लिंक व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी दोन्ही वाटांनी फॉर्म मोबाईलवरच भरून बघा. त्या खोट्या ऑर्डरी फॉर्ममधून काढल्या तरी शीटमध्ये तशाच राहतात, तिथूनही काढा.