घरात वीज नेमकी कुठे जाते? मीटरवरून असं शोधा

वीजबिल वाढलं की घरात पहिला बोल लावला जातो तो मोबाइलच्या चार्जरला, नाहीतर दिवा विसरणाऱ्या मुलांना. मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटही जळत नाही. नऊ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर राहिला तर ०.१ युनिट. खरा खर्च दुसरीकडेच होत असतो आणि तो घराघरात वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या घरच्या टिप्स आपल्याकडे लागू पडतीलच असं नाही. आपला मीटर मात्र आपल्या घराचं खरं सांगतो. त्यासाठी हवा एक मोबाइल, एक कागद आणि सुट्टीच्या दिवशीचे दोनेक तास.

आधी आपला मीटर ओळखा

सोसायटीच्या मीटर-रूममध्ये एका ओळीत पंधरा-वीस मीटर असतात. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरच्या पाटीवरचा क्रमांक जुळवून घ्या. शेजारच्या मीटरवर हिशेब करत बसलो तर सगळी मेहनत फुकट. पावसाळ्यात तिथे पाणी साचलेलं असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा. मीटर उघडायचा नाही, सीलला हात लावायचा नाही. फक्त बघायचं आहे.

पाटीवर ३२०० किंवा १६०० असा एक आकडा असतो. काही मीटरवर तो वेगळाही असतो. जवळच एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आकडा ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवणं. एवढ्यावरून कुठल्याही क्षणी घर किती वॅट ओढतंय ते काढता येतं: ३६ लाखांना पाटीवरच्या आकड्याने भागा, आणि आलेल्या उत्तराला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. ३२०० च्या मीटरसाठी हा हिशेब ११२५ भागिले सेकंद, १६०० साठी २२५० भागिले सेकंद. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकींचा वेळ मोजा आणि त्याला दहाने भागा, म्हणजे चूक कमी होते.

मेन बंद करून बघा

संगणक नीट बंद करा. घरात ऑक्सिजन यंत्रासारखं काही चालू असेल तर ही पायरी सोडून द्या. नाहीतर घरातला मेन स्विच पाडा आणि कुणाला तरी मीटरपाशी उभं करा. दिवा पूर्ण थांबला पाहिजे. पाच-दहा मिनिटांनंतरही तो लुकलुकतच असेल तर मीटर आणि तुमचा मेन यांच्यामध्ये कुणाची तरी जोडणी आहे, वायरिंगमधून गळती होतेय, किंवा मीटरच बिघडलाय. मग लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि १९१२ वर तक्रार नोंदवून मीटर-तपासणी मागा. तो निकाल येईपर्यंत पुढच्या बचतीच्या हिशेबाला अर्थ नाही.

आता ‘काहीच चालू नाही’ म्हणताना काय चालू असतं

मला ही पायरी सर्वात महत्त्वाची वाटते. मेन पुन्हा चालू करा. दिवे, पंखे, फ्रिज बंद करा. बाकी सगळं नेहमीसारखं राहू द्या. टीव्ही रिमोटने बंद केलेला, सेट-टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, इन्व्हर्टर. आता लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरवर दर २५ सेकंदांनी दिवा लागला तर घर ४५ वॅट ओढतंय, आणि तेही रात्रंदिवस.

एक आकडा कायम लक्षात ठेवा: चोवीस तास चालणारे दर १० वॅट महिन्याला ७.२ युनिट खातात. ४५ वॅटचे झाले ३२ युनिट, कुणाच्याही उपयोगाशिवाय. आता एकेक प्लग काढत पुन्हा मोजा. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी अनेकदा जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेत राहतो. त्याला आणि टीव्हीला स्विच असलेल्या एकाच बोर्डावर घ्या आणि झोपताना तो स्विच पाडा. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली असेल तर ती पूर्ण चार्ज होतच नाही आणि चार्जर सतत वीज ओढत राहतो. तेही याच मोजणीत उघडं पडतं.

मग एकेक उपकरण

सगळे प्लग काढून ठेवा आणि फक्त एक पंखा पूर्ण वेगाने लावा. दिवा पंधरा सेकंदांनी लुकलुकला तर पंखा ७५ वॅटचा. साध्या जुन्या पंख्यांचा आकडा साधारण एवढाच निघतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणारी ब्रशविना मोटर असलेला पंखा, तेवढ्याच हवेला तीसेक वॅट घेतो. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, तीन पंख्यांचे ४८. आपल्याकडे पंखा थंडीचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर फिरतो, म्हणून पैसे घालायचे असतील तर मी आधी पंख्यांवर घालेन. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर लागत नाही, तो इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. पंखे बदलायचे नसतील आणि रेग्युलेटर जुन्या, मोठ्या, गरम होणाऱ्या डब्याचा असेल तर निदान तो तरी बदला. त्यात पंख्याचा वेग कमी होतो, पण वाचलेली वीज उष्णता होऊन जाते.

चोकवाली जुनी ट्यूब पन्नासेक वॅट घेते, एलईडी ट्यूब वीस.

गिझरला लुकलुकी मोजणं अवघड जातं, इतका दिवा धावतो. त्याचा हिशेब पाण्यावरून करा. अठरा लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे ०.४ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ५० युनिट. ही वीज खरोखर वापरली जाते, वाया जाते ती गिझर सकाळभर चालू ठेवल्याने. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत न्यायला दोन किलोवॅटच्या गिझरला वीसेक मिनिटं पुरतात. सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरकल्या की बटण बंद.

एसीसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा ढोबळ हिशेब आहे की तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून सोबत पंखा लावला तर खोलीत तेवढंच बरं वाटतं.

फ्रिजला वेळ द्या

फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, त्यामुळे दोन मिनिटांच्या मोजणीवर जाऊ नका. गावाला जाताना फक्त फ्रिज चालू ठेवून मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, परत आल्यावर पुन्हा काढा, फरकाला दिवसांनी भागा. दार उघडझाप नसल्याने आकडा थोडा कमीच येईल. फ्रिजच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, त्यांना ३६५ ने भागून ताडून बघा. तुमचा आकडा त्याहून बराच जास्त असेल तर दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर बदलायला झालंय. फ्रिज भिंतीला चिकटवला असेल तर पुढे ओढा.

वाचलेल्या युनिटची किंमत

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. १०१ व्या युनिटापासूनचा दर पहिल्या शंभरापेक्षा जवळपास दुप्पट आहे. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो असा अनेकांचा समज असतो, तसं नाही. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे २६० वरून २०० वर आलात तर वाचलेली साठही युनिटं महाग टप्प्यातली असतात, आणि त्यांच्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र कमी होत नाही. बेस्ट, टाटा किंवा अदानीचे ग्राहक असाल तर आपल्या बिलामागचे दर वाचा.

बदल केल्यावर महिनाभर दर रविवारी ठरलेल्या वेळी रीडिंगचा फोटो काढा. बिल आलं की त्यावरचं ‘चालू रीडिंग’ तुमच्या फोटोंशी जुळतंय ना ते पाहा. रीडिंग न घेता सरासरीवर बिल लावलेलं असेल तर हेच फोटो जोडून दुरुस्ती मागा.