फिंचना पालाभाजी घालताय? या चुका टाळा

फिंच, म्हणजे दाणे टिपणारे चिमुकले पक्षी, पाळायला घेतले की पहिला प्रश्न यादीचा येतो: पालक चालतो का, कोबी चालतो का, काकडी घालू का? यादी हवीच, ती पुढे आहे. पण पिंजऱ्यातल्या तक्रारी तपासल्या तर विषारी भाजीने घात झाल्याची प्रकरणे थोडी निघतात. चांगलीच भाजी जाड तुकड्यांत घातली, दिवसभर तशीच ठेवली किंवा वाटी भरून दिली, की तिथून बहुतेक भानगडी सुरू होतात. झेब्रा फिंचचे वजन असते साधारण 12 ते 15 ग्रॅम आणि दिवसाचे दाणे जेमतेम चमचाभर. एवढ्याशा जिवाला घालताना आपल्या हाताचे 'थोडेसे' हमखास जास्त होते.

पोपटाचे ताट फिंचपुढे ठेवणे

पोपट पायात तुकडा धरून कुरतडतो. झेब्रा, गोल्डियन, बेंगलीज हे फिंच तसे करत नाहीत. त्यांची चोच बारीक दाणा सोलायला बनलेली आहे. गाजराची चकती किंवा ब्रोकोलीचा अख्खा तुरा टाकला, तर दोन टोचे मारून ते निघून जातात आणि मालक म्हणतो, 'आमचे फिंच भाजी खातच नाहीत.'

भाजी राळ्याच्या दाण्याच्या मापाची करायची. पाने 2-3 मिलिमीटर इतकी बारीक चिरा, जाड देठ काढून टाका. गाजर आणि लाल भोपळा बारीक किसणीवर किसा. मटार सोलून आतला गर बोटांनी चेपा. रताळे उकडून, मीठ-तेल काही न घालता कुस्करा. कच्चे रताळे पचायला जड जाते. ब्रोकोलीचा तुरा उलटा धरून सुरीने फक्त वरच्या हिरव्या कळ्या खरवडा. ताटलीत पडलेला तो हिरवा रवा दिसतोच दाण्यासारखा, आणि भाजीकडे ढुंकून न पाहणारे फिंचही बऱ्याचदा इथूनच सुरुवात करतात.

दुसरी पद्धत जुडीची. मेथी, कोथिंबीर किंवा गवताची ओंबी देठाकडून चिमट्यात धरून जाळीला लावा. बसायच्या दांडीच्या पातळीवर, चोच सहज पोहोचेल अशी. पाण्याच्या आणि दाण्याच्या भांड्यावर नको. जुडी दोऱ्याने बांधू नका. सुटलेला धागा पायाला गुंडाळला की रक्तपुरवठा थांबतो आणि बोट जाते. किसलेले गाजर आणि चिरलेला पाला उथळ ताटलीत द्यावा. खोल वाटीत तळाचा थर दबतो, आंबतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पालकावर सगळी भिस्त

पालक, माठ, राजगिरा, चाकवत, बीटाची पाने यांत ऑक्झॅलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे पानात कॅल्शियम असूनही अंगी लागत नाही. माणसाच्या शरीरातसुद्धा पालकातले जेमतेम 5 टक्के कॅल्शियम शोषले जाते. अंडी घालणाऱ्या मादीला कवचासाठी कॅल्शियम लागते. ते कमी पडले की कवच मऊ येते, किंवा अंडे आतच अडकते आणि मादी काही तासांत दगावू शकते.

म्हणून पालक विष आहे असे समजू नका. आठवड्यातून एकदा, चिमूटभर, इतर पाल्यात मिसळून चालतो. रोजचा पाला मात्र कमी ऑक्झॅलेटचा हवा: मेथी, कोथिंबीर, केल, बोक चॉय, ब्रोकोलीची पाने, मुळ्याचा पाला, डँडेलियनची पाने. यांतलाही एकच रोज नको. केल, कोबी, ब्रोकोली, मुळा ही एकाच कुळातली मंडळी. तीच सतत दिली तर थायरॉइडच्या आयोडीनच्या कामात अडथळा येऊ शकतो. आठवड्यात तीन-चार प्रकार फिरवले की हा प्रश्न राहत नाही. समुद्रफेस म्हणजे कटलबोन पिंजऱ्यात कायम लावलेला असावा. अंड्याची टरफले दहा मिनिटे उकळून, वाळवून, चुरून दिली तरी चालतात.

पाणीदार भाजी म्हणजे पोषण, हा समज

आइसबर्ग लेट्यूस आणि काकडी यांत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. उन्हाळ्यात काकडीची चकती जाळीत खोवली तर फिंच तिच्या बिया आनंदाने टिपतात, त्यात वाईट काही नाही. पण एवढ्यावर 'आमच्याकडे रोज भाजी असते' असे म्हणता येत नाही.

नुसत्या दाण्यावरच्या फिंचला सगळ्यात जास्त उणीव भासते ती कॅल्शियमची आणि अ जीवनसत्त्वाची. अ जीवनसत्त्वासाठी नारिंगी आणि गडद हिरवा हे रंग पाहायचे: गाजर, लाल भोपळा, रताळे, केल, लाल ढोबळी मिरची. पक्ष्यांना तिखट झोंबत नाही, त्यामुळे मिरचीच्या बियाही चालतात. लेट्यूस द्यायचेच तर रोमेनसारखे गडद पानांचे द्या. त्याचे मोठे ओले पान ताटलीत ठेवले तर बरेच फिंच खाण्याआधी त्यावर अंग घासून अंघोळ उरकतात. ती मजा होऊ द्यावी, पान नंतर काढून टाकावे.

पातळ विष्ठा दिसली की घाबरणे, किंवा अजिबात न घाबरणे

इथे नीट पाहायला शिकले पाहिजे. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये साधा पांढरा कागद घाला. फिंचच्या विष्ठेत तीन भाग असतात: आकार असलेला घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवतीचे पाणी. काकडी, लेट्यूस खाल्ल्यावर फक्त पाणी वाढते. घट्ट भागाचा आकार टिकून असतो. याला जुलाब म्हणत नाहीत. भाजी काढली की काही तासांत पूर्ववत होते. पाल्याने घट्ट भाग हिरवा होतो, बीटाने लालसर, गाजराने नारिंगी. याचीही काळजी नको.

काळजी करायची ती पुढच्या खुणांची. घट्ट भागाचा आकारच गेला, शेपटीखालची पिसे चिकटली, वास येऊ लागला, पक्षी पिसे फुगवून दिवसा झोपतोय किंवा तळाला बसलाय: भाजी बंद करा, दाणे-पाणी समोर ठेवा, पिंजऱ्याच्या एका बाजूला 30 अंशांच्या आसपास ऊब द्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा. दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहण्याइतका साठा या पक्ष्याच्या अंगात नसतो.

सगळ्यात फसवी असते ती गडद हिरवी, अगदी थोडी विष्ठा. पाला खाल्ला असेल म्हणून ती सोडून दिली जाते. पक्ष्याने पाला खाल्लेलाच नसेल, तर तो रंग पित्ताचा असतो आणि पोटात अन्न जात नाहीये हे तो सांगतो. दाण्याच्या भांड्यावर हलकी फुंकर मारून पाहा. वरून भरलेले दिसणारे भांडे अनेकदा निव्वळ टरफलांचे असते.

खात नाहीत म्हणून दाणे काढून घेणे

'भूक लागली की खातील' हा उपाय फिंचवर करू नका. इतक्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो. दाणे तसेच राहू द्या आणि भाजी सकाळी लवकर, दिवस उजाडल्यावर लगेच द्या. रात्रभरानंतर भूक तेव्हा सर्वांत जास्त असते.

नव्या वस्तूला फिंच बिचकतात. पहिले चार-पाच दिवस ताटलीजवळ कोणी फिरकणार नाही, हे धरूनच चाला. रोज त्याच जागी, त्याच ताटलीत, तीच भाजी चिमूटभर ठेवा. रोज नवा प्रयोग केला तर बिचकणे संपतच नाही. भाजीवर चिमूटभर राळा भुरभुरा. दाणे टिपताना चोचीला पाला लागतो आणि चव कळते. उलट करू नका, म्हणजे दाण्याच्या भांड्यात ओली भाजी मिसळू नका. दाणे भिजून त्यांना बुरशी धरते. थव्यातल्या एकाने खायला सुरुवात केली की बाकीचे बघून शिकतात, त्यामुळे पाला खाणारा एखादा पक्षी शेजारच्या पिंजऱ्यात असला तरी काम सोपे होते. दोन-तीन आठवडे लागले तरी चिकाटी सोडू नये.

प्रमाण आणि वेळ

जोडीमागे एक सपाट छोटा चमचा चिरलेली भाजी पुरे. नव्याने सुरुवात असेल तर त्याच्या पाव. भाजीने पोट भरले आणि दाणे राहिले, तर ऊर्जा कमी पडते. उकाड्यात दोन तासांनी, गारव्यात तीन-चार तासांनी ताटली उचला, उरलेले फेकून द्या, ताटली गरम पाण्याने धुवा. मका, उकडलेले रताळे आणि मोड आलेले दाणे सगळ्यांत आधी आंबतात. फ्रिजमधली भाजी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गोठवलेले मटार चालतात, डब्यातले खारवलेले नाहीत.

धुणे, आणि घरी उगवणे

पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवा, दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा धुवा, फडक्यावर निथळू द्या. याने वरून फवारलेले कीटकनाशक बऱ्यापैकी जाते; झाडाने आत शोषलेले जात नाही. म्हणून मेथी-कोथिंबीर कुंडीत लावणे हा पक्का उपाय. रस्त्याकडेचे गवत आणू नका. तिथे गाड्यांचा धूर, तणनाशक आणि कुत्र्यांचे मूत, सगळे एकत्र असते.

कुंडीत राळा, बाजरी किंवा गहू पेरून 5-7 सेंटिमीटर उंचीचे पोंगे कापून घालता येतात. यात तीन ठिकाणी चूक होते. पहिली, पेरणीचे बियाणे वापरणे: त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुतेकदा रंगीतही असते. खाण्याचेच दाणे पेरा. दुसरी, ज्वारी पेरणे. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, ज्याने गुरेसुद्धा मरतात. तिसरी, दाट पेरून वरून सतत पाणी मारणे. बुडाशी पांढरी-करडी बुरशी येते आणि वरचे हिरवे टोक छान दिसत राहते. पोंगे बाजूला सारून बुडखा पाहा. कुबट वास आला तर अख्खी कुंडी टाका.

हे कधीच नको

अॅव्होकॅडो पहिला. त्यातले पर्सिन नावाचे विषारी द्रव्य पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालते. फळ, साल, पान, काहीच नको, पक्षी बाहेर सोडलेला असताना टेबलावरही नको. कांदा, लसूण, कांद्याची पात यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. टोमॅटो आणि बटाट्याची पाने, बटाट्याचे हिरवे डोळे, रुबार्बची पाने, भिजवलेले-न शिजवलेले राजमा, अळंबी, सफरचंदाच्या बिया: सगळे बाद. मीठ, तेल, फोडणी लागलेली कोणतीही शिजवलेली भाजीही त्यातच धरा. यातले काही पोटात गेल्याचा संशय आला, तर घरी उलटी करवण्याच्या किंवा तेल पाजण्याच्या फंदात पडू नका. उरलेले काढून घ्या, पक्षी उबेत ठेवा, काय आणि किती खाल्ले ते लिहून डॉक्टरकडे न्या.

पाला आणि वीण

हा भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तिथे पाऊस पडला, गवताला कोवळ्या ओंब्या आल्या, की त्याची वीण सुरू होते. पिंजऱ्यात बारा महिने भरपूर पाला, मोड आलेले दाणे आणि अंड्याचा खाऊ (उकडलेले अंडे कुस्करून केलेला) मिळाला, की त्याला कायमचाच पावसाळा वाटतो. मादी एकामागून एक अंडी घालत राहते, कॅल्शियम संपते, आणि अंडे अडकते. मग मालक पालकाच्या भाजीला दोष देतो.

वीण नको असेल तेव्हा घरटे काढून घ्या, अंड्याचा खाऊ आणि मोड थांबवा, पाला आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर ठेवा. गाजर-भोपळ्याचा कीस चालू राहू द्या. वीण हवी असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून पाला हळूहळू रोजचा करा.

पिल्ले निघाल्यावर नेमकी उलटी चूक होते. कौतुकाने पाला वाढवला जातो, आई-बाप तोच भरवतात आणि पिल्लाचे पोट पाण्याने भरते, प्रथिने मिळत नाहीत. पहिल्या आठवड्यात अंड्याचा खाऊ मुख्य, पाला नावापुरता. संध्याकाळी दिवा मालवण्याआधी घरट्यात एकदा डोकवा. पिल्लाच्या मानेच्या बाजूची अन्नपिशवी कातडीतून दिसते: आत फिकट दाणे आणि खाऊ दिसला तर ठीक, सगळेच हिरवे आणि पाणचट दिसले तर दुसऱ्या दिवशी पाला बंद करा.