स्पॅनिशचा भूतकाळ: या चुका टाळा (निदान पैसे तरी वाचतील)

स्पॅनिशचा साधा भूतकाळ म्हणजे प्रेतेरितो. रेग्युलर क्रियापदांना पाठ करायची टेबलं फक्त दोन, आरवाल्यांचं एक आणि एर-ईरवाल्यांचं एक. ती धड झालेली नसतात आणि दुसऱ्याच आठवड्यात लोक फुई, तुवे अशी इर्रेग्युलर रूपं शिकवा म्हणून मागे लागतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शेवटच्या अक्षरावरचा जोर खाणं. पाऽगो म्हणजे मी पैसे देतो, पागोऽ म्हणजे त्याने दिले, आणि लिहिताना फरक फक्त शेवटच्या ओवरच्या तिरक्या रेघेचा, जिला तील्दे म्हणतात. मराठीत जोर इकडेतिकडे झाला तरी अर्थ बदलत नाही त्यामुळे आपल्या कानाला ते कळतच नाही. मलाही कळायचं नाही. माद्रिदला मित्र आत काउंटरवर बिल भरून फोनवर बोलायला बाहेर गेला, तेवढ्यात दुसरा वेटर बिल घेऊन आला, मी ऐटीत म्हटलं, पाऽगो! त्याने हसून मशीन पुढे केलं, मला वाटलं पावती-बिवतीचं काहीतरी असेल, लावलं कार्ड. ४२ युरो. नंतर परत मिळाले, पण मित्र अजून मला पाऽगो अशीच हाक मारतो.

तेव्हापासून नवीन क्रियापद आलं की आब्लेऽ (मी बोललो), आब्लोऽ (तो बोलला) असं म्हणत शेवटच्या अक्षराला मी टेबलावर थाप मारतो. घरचे वैतागतात, वैतागू देत. अ‍ॅप रेघ नसली तरी उत्तर बरोबर धरतं म्हणून ती ऑप्शनल समजणाऱ्यांना समजावणं मी सोडलंय.

मग तूचं रूप. आपण बोललास, खाल्लास म्हणतो ना, तसाच स आब्लास्तेच्या (तू बोललास) शेवटी चिकटवून आब्लास्तेस करतात. स्पॅनिश मातृभाषा असलेलेही काहीजण बोलताना तसं म्हणतात हे खरं, पण परीक्षेत ते चूकच.

बुस्कार (शोधणं), पागार (पैसे देणं) यांच्यात फक्त मीच्या रूपात स्पेलिंगमधल्या सीचं क्यूयू आणि जीचं जीयू होतं, नाहीतर पागेऽचं पाखेऽ होईल.

पिएन्सो (मी विचार करतो) पाठ आहे म्हणून भूतकाळात पिएन्सेऽ करू नका, पेन्सेऽ.

आब्लामोस (आम्ही बोलतो किंवा बोललो) वर्तमान आणि भूत दोन्ही काळांत सेम, आसपास आयेर, म्हणजे काल, आहे का बघा. कोमेमोस (आम्ही खातो) आणि कोमीमोस (आम्ही खाल्लं) मात्र वेगळे.

आणि तो बोलला, ती बोलली, दोघांनाही आब्लोऽच. बाईसाठी आब्ला का, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. नाही हो, आब्ला म्हणजे बोलते. किंवा बोलतो.